शीतवलयाची तजवीज

विश्वात प्रथम जन्मलेला रेणू म्हणून ज्याची गणना होते, तो हेलियम हायड्राइड आयन प्रयोगशाळेत १९२५ सालीच ओळखला गेला असला, तरी आकाशात त्याचा निःसंशय पुरावा मिळायला २०१९ साल उजाडावे लागले. आणि त्याच वर्षी हायडेलबर्ग येथील ३५ मीटर परिघाच्या शीतवलयात, म्हणजे आयन फिरते ठेवणाऱ्या अतिशीत निर्वात वलयात, त्याची इलेक्ट्रॉनांशी गाठ घालून असे सिद्ध करण्यात आले, की अतिशीत अवस्थेत तो पूर्वीच्या समजुतीपेक्षा फारच मंदपणे नष्ट होतो.

हे शैत्य कशासाठी? खोलीइतक्या उष्ण भिंतींतून अदृश्य प्रारण सतत निघत असते, त्यामुळे वलयातील रेणू फिरत व कंपत राहतो, आणि तारकांमधील पोकळीतल्या शांत रेणूबद्दल त्याची साक्ष ग्राह्य ठरत नाही. भिंती दहा केल्विनच्या खाली निवविल्या, म्हणजे तो आपली ऊर्जा हळूहळू टाकून देतो, आणि उरलासुरला वायू भिंतींवरच गोठल्यामुळे निर्वातही पराकोटीचा लाभतो. चुंबकांऐवजी विद्युत्क्षेत्राने आयन वळविण्याची युक्ती डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे १९९० नंतरच्या दशकात साकार झाली. तीत ऊर्जा व विद्युत्भार सारखे असले, की हलका अणू आणि अवजड जैवरेणू एकाच वाटेने जातात.

खरी कसोटी मात्र आराखड्याची आहे. इतक्या थंडीत पोलाद मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आकसते, आणि आयन वळविणारी विद्युदग्रे तर जागची हलता कामा नयेत. निर्वातासाठी जे सांधे आधी तापवायचे, तेच पुढे गोठवायचे. शिवाय उच्च दाबाची वीज आत नेणारी प्रत्येक तार बाहेरची उष्णताही आत नेते. किर्लोस्करवाडीपासून कुपवाडपर्यंत लोखंडाशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्या आमच्या माधवनगर परिसरातील कारागिरांना या अडचणींचे मर्म सांगावे लागणार नाही.

म्हणूनच माझे आग्रहाचे म्हणणे असे, की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे द्रवरूप हेलियमने थंड केलेला अतिवाहक प्रवेगक चालविण्याचा अनुभव आहे आणि आयन कोंडून ठेवणारा स्थिरविद्युत सापळाही आहे, तिथे अशा वलयाची तजवीज सरकारने करावी. आरंभीच हायडेलबर्गएवढा विस्तार नको. जपानच्या रिकेन संस्थेचे वलय जेमतेम तीन मीटर परिघाचे असूनही उत्तम काम देते. परंतु मंजुरीच्या कागदात यंत्रसामग्रीच्या रकमेच्या आधी, सांधे जुळविणाऱ्या व गळती शोधणाऱ्या तंत्रज्ञांच्या कायम जागांची तरतूद असावी, कारण वलय विकत घेता येईल, पण ते वर्षानुवर्षे थंड व निर्वात राखणारे हात इथेच तयार करावे लागतील.