नाकारलेला परवाना आणि विसरलेला हक्क



रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर परदेशची नोकरी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या भागांतील मुसलमान बांधवांनी दुबई, कुवेत, मस्कतची वाट आधी पाडली. आज आपल्या वस्त्यांतील मुलेमुलीही त्याच वाटेने निघाली आहेत. कोणी वेल्डर आहे, कोणी वीजतंत्री, कोणी परिचारिका. यात गैर असे काहीच नाही. ज्यांच्या वाडवडिलांच्या श्रमाचे मोल गावाने शिळ्या भाकरीत चुकते केले, त्यांच्या मुलांनी आपले कसब जेथे योग्य दाम मिळेल तेथे विकावे, हे स्वाभिमानाचेच लक्षण होय.

परंतु व्हिसा नाकारला गेल्याची बातमी ज्या दिवशी घरात येते, त्या दिवसापासून आपल्या घरांत जे काही घडते, ते स्वाभिमानाचे लक्षण खचित नव्हे. मुलगा चार दिवस तोंड दाखवीत नाही. आई शेजारणीला “तारीख पुढे गेली” असे सांगून वेळ मारून नेते. वडील उरलेसुरले सोने गहाण टाकावयास निघतात. त्यातच एखादी आत्या सुचविते, “ग्रह वाकडा असेल, देवाला कौल लावून बघा, भगताला विचारा.” आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, त्याच एजंटाच्या हातात दुसऱ्या अर्जाचे पैसे पडलेले असतात. या साऱ्या धावपळीत एक गोष्ट मात्र राहून जाते. नकार का मिळाला, हे कोणी विचारीत नाही; पत्र मिळालेच असेल तर ते कोणी नीट वाचीत नाही.

आज आम्हांस याच गोष्टीविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे. बोलणे कटू लागेल. परंतु घरातील सोने गेल्यावर गोड बोलून काय उपयोग?

नकार दोन प्रकारचे असतात, हे प्रथम ध्यानात घ्या. एक नकार माणसाच्या जन्माला मिळतो, दुसरा त्याच्या कागदाला मिळतो. पहिल्याशी लढावयाचे असते. दुसऱ्याचा हिशेब करावयाचा असतो. ज्याला हा भेद कळत नाही तो हिशेबाच्या जागी लढाई करतो आणि लढाईच्या जागी मुकाट बसतो.

पहिल्या नकाराचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात घडला आहे. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. त्यांनी सैन्यात नोकरी केलेली होती. गेल्या शतकाआधीच्या शतकात, 1890 नंतरच्या दशकात, इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या नोकरीने कोकणातील शेकडो कुटुंबांना अक्षरओळख दिली, निवृत्तिवेतन दिले आणि ताठ मानेने चालण्याची सवय दिली, ती नोकरी केवळ जातीच्या नावावर बंद झाली. गोपाळबाबांनी 1894 साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. 1917 साली महायुद्धाची गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली. 1921 साली ती मोडण्यात आली. अखेर 1941 साली महार रेजिमेंट स्थापन झाली. मधल्या काळात अर्ज करणारी एक पिढी संपली, दुसरी आली. मागणी मात्र कोणी सोडली नाही. कारण तो नकार जन्मावर होता, आणि जन्मावरचा नकार मान्य करणे म्हणजे आपले माणूसपण नाकारणे होते.

आता व्हिसाचा विचार करा. परक्या देशाने आपल्याला आत घेतलेच पाहिजे, असा हक्क जगातील कोणत्याच परकी नागरिकाला नाही. पासपोर्टची गोष्ट वेगळी. परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली सांगितले आणि 1978 साली मनेका गांधींच्या खटल्यात ते तत्त्व अधिक बळकट केले. म्हणून आपल्या सरकारने पासपोर्ट नाकारला तर कारण लेखी मागा, अपील करा. 1967 च्या पासपोर्ट कायद्यातच अपिलाची तरतूद आहे. व्हिसा हा मात्र परवाना आहे. त्या देशाची गरज, त्याचे नियम आणि तुमचे कागद यांवर तो अवलंबून असतो. ओमानने जानेवारी 2018 मध्ये 87 व्यवसायांसाठी परदेशी माणसांना नवे व्हिसा देणे थांबविले. त्या वेळी ज्याचा अर्ज अडकला, त्याची लायकी एका रात्रीत कमी झाली होती काय? मुळीच नाही. त्या देशाने आपल्या लोकांसाठी ते दार लावून घेतले, इतकेच. यात ग्रहाचा दोष नाही, तुमच्या मुलाचाही दोष नाही. मग तो तोंड लपवून का बसतो? आणि त्याच बंद दारावर तुम्ही सावकाराच्या पैशाने का धडका देता?

कागदाला मिळालेल्या नकारापुढे कसे वागावे, याचा धडा बाबासाहेबांनी स्वतःच्या आचरणाने घालून दिला आहे. लंडन विद्यापीठाला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही. बाबासाहेब तेव्हा पैशाच्या अडचणीत होते. ते मायदेशी परतले, प्रबंधाची फेरमांडणी केली, तो पुन्हा पाठविला आणि 1923 सालीच डी.एस्‌सी. पदवी मिळविली. तोच प्रबंध, काहीही न बदलता, दुसऱ्यांदा पाठवून त्यांनी दैवाची परीक्षा पाहिली नाही. आक्षेप कोणता, हे समजून घेतले आणि तेवढे काम पुरे केले. फेरअर्ज याला म्हणतात. तोच कागद पुन्हा पुढे करणे याला फेरअर्ज म्हणत नाहीत, त्याला जुगार म्हणतात.

तेव्हा दुसरा अर्ज करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

पहिला प्रश्न, अर्ज खरोखर झाला होता काय? आखाती देशांत कामाचा परवाना बहुधा तेथील मालक मागतो; मुलाच्या हाती नकाराचे पत्र येतच नाही, येतो तो केवळ एजंटाचा निरोप. अर्जाचा क्रमांक मागा आणि त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. क्रमांकच मिळत नसेल तर व्हिसा नाकारला गेला नसून तुम्हांस फसविले गेले असण्याचा संभव आहे.

दुसरा प्रश्न, कारण दुरुस्त होण्याजोगे आहे काय? धर्मांतरानंतर आपल्यातील अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, असा घोळ होतो. तो दूर करता येतो. नावातील व धर्मातील बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेण्याची सोय आहे. तेवढे करून सर्व कागद एका नावाचे करा, मग अर्ज करा. सौदी अरेबिया वेल्डर, वीजतंत्री, नळकारागीर यांची कौशल्यपरीक्षा मागतो. ती राहिली असेल तर देता येते. परंतु वैद्यकीय तपासणीत छातीच्या चित्रावर जुन्या क्षयाचा डाग निघाला, तर गोष्ट निराळी. आखाती देशांसाठीच्या तपासणीचा निकाल संगणकावर एकत्र नोंदला जातो. शहर बदलून दुसऱ्या केंद्रात गेल्याने तो पुसला जात नाही. “दुसरीकडे पास करून देतो” असे सांगणारा मनुष्य तुमच्या मुलाचा नव्हे, तुमच्या पैशाचा मित्र आहे.

तिसरा प्रश्न, मुदतीत दाद मागता येते काय? ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा नाकारला गेला आणि अधिकाऱ्याने नियम लावण्यात चूक केली असेल, तर देशाबाहेरून 28 दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते. नवा अर्ज आणि नवे शुल्क यांच्याआधी हा मार्ग पाहावा. पत्र पेटीत ठेवून रडत बसलेल्या घरात हे 28 दिवस कधी संपले ते कळतही नाही.

चौथा प्रश्न, पुढील अर्जात आपण खरे सांगणार आहोत काय? पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का, असे अनेक देश अर्जातच विचारतात. “नाही लिही, कोण बघतो” असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. खोटे अनुभवपत्र तयार करून देणारेही भेटतील. ब्रिटनसारखा देश अशी फसवणूक उघड झाल्यास दहा वर्षेपर्यंत दार बंद करतो. आणि तो भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या 22 प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे, हे आपण विसरलो काय?

आता लढाईच्या जागेकडे वळू. जेथे आपला हक्क नाही तेथे आपण पैसा ओततो. जेथे हक्क आहे तेथे मात्र मुकाट बसतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही परदेशच्या नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून घ्यावयाची सेवाफी नियमाने 30,000 रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर एवढीच आहे, आणि तिची पावती त्याने दिलीच पाहिजे. एजंटाची नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे. तेथे तक्रार करता येते, पोलिसांतही करता येते. मग आपल्या वस्तीत लाख-लाख रुपये पावतीवाचून कसे दिले जातात? पर्यटनाच्या व्हिसावर पाठवितो, तेथे गेल्यावर काम लावतो, या थापेला मान डोलावली कशी जाते?

कोणी म्हणेल, “एजंट आपल्याच पंचक्रोशीतला, उद्या तोंडास तोंड पडेल, वैर कशाला?” आम्ही विचारतो, तुमच्या पत्नीचे मंगलप्रसंगाचे सोने त्याने नेले, तेव्हा त्याने नात्याची लाज धरली काय? चवदार तळ्याचे पाणी महाड नगरपालिकेने 1924 सालीच कागदावर खुले केले होते. ते हाती यावे म्हणून 1927 साली सत्याग्रह करावा लागला. आणि डिसेंबरच्या परिषदेच्या तोंडावर न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हा बाबासाहेबांनी तो पाळला, पुरावा गोळा केला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयातून निकाल आपल्या बाजूने मिळविला. दहा वर्षे कागद सांभाळून लढलेल्या माणसाचे आपण अनुयायी, आणि आपण एक पावती मागण्यास भितो!

राहिली देवाला कौल लावण्याची गोष्ट. भगताने अंगारा दिला म्हणून दूतावासातील अधिकाऱ्याचा नियम बदलत नाही. बुद्धाने कार्यकारणभाव शिकविला. नकाराला कारण असते. ते सापडले तर उपाय सापडतो, आणि उपाय नसेल तर तेही कळते. कारण न शोधता नवस बोलणाऱ्याने दीक्षा घेतली खरी, पण घर जुन्याच गावात ठेवले, असेच म्हणावे लागेल.

तर मग फेरअर्ज करावा की न करावा? आमचे उत्तर सरळ आहे. पहिल्या अर्जानंतर काहीतरी बदलले असेल, म्हणजे कागद दुरुस्त झाले असतील, परीक्षा दिली असेल, त्या देशाचा नियम बदलला असेल किंवा खरा मालक मिळाला असेल, तर अवश्य करावा, निर्भयपणे करावा, आणि तोही घराच्या शिलकीतून. काहीच बदलले नसेल, तर करू नये. कर्ज काढून तर कदापि करू नये. ते पैसे मुलाच्या पुढच्या प्रशिक्षणात घाला. वेल्डिंगचे वरचे प्रमाणपत्र येथील कारखान्यात आणि गोदीतही उपयोगी पडते.

आणि त्या मुलाला घराबाहेर काढा. रविवारी त्याला विहारात न्या, त्याचे नकाराचे पत्र त्याच्याच हाती द्या आणि वस्तीतील इतर तरुणांसमोर ते वाचून दाखवावयास सांगा. एकाच्या पत्रातून दहा जण शहाणे होतील, आणि लाज वाटण्याजोगे त्यात काहीच नव्हते, हे त्यालाही कळेल.

जय भीम.