जाडी कापा, भार नको!

मंडळी, "आधी स्वस्तातला घेऊ, पोरगी टिकली तर बघू" हे आपलं लाडकं गणित साफ चुकीचं आहे. न्यू जर्सीतल्या दोन खोल्यांत मीही तेच केलं. शेकडो ताल असलेला, ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड आणला. वर्षभराने शिक्षिकेकडच्या खऱ्या पियानोवर लेकीच्या बोटांतून धड आवाजच फुटेना. रडत घरी आली.

जागेची सबब तर सांगूच नका. कॅसिओचा पीएक्स-एस११०० पुढून मागे जेमतेम २३ सेंटिमीटर, वजन ११ किलो. तरी पट्ट्या पुऱ्या ८८, खऱ्या पियानोसारख्या हातोडीच्या भाराच्या, खर्जाकडे जड होत जाणाऱ्या. पुण्या-मुंबईच्या वन बीएचकेतही भिंतीलगत मावेल. जाडी कापा, ताल कापा. पट्टीचा भार कापू नका. बोटांना भारच ठाऊक नसेल, तर पोर टिकणार कशी?