विश्लेषण : शिक्षा एकाला, ताटातूट कुटुंबाची! कंबोडियन निर्वासितांची अमेरिकेतून हद्दपारी का होते?

कॅलिफोर्नियातील लाँग बीच, मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल, मिनेसोटातील सेंट पॉल. या शहरांतील अनेक कंबोडियन घरांत वर्षातला एक दिवस जिवाला घोर लावणारा असतो. घरातल्या कर्त्या माणसाला त्या दिवशी स्थलांतर खात्याच्या कार्यालयात हजेरी द्यायची असते. वर्षानुवर्षे तो सकाळी जातो, सही करतो आणि पुन्हा कामाला लागतो. एखाद्या वर्षी मात्र तो परत येत नाही. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्याचा फोन येतो, तो थेट नॉम पेन्हहून.

तुरुंगवास भोगून झालेल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांनी परक्या झालेल्या देशात कायमचे पाठवणे, याला अमेरिकी कायदा शिक्षा मानत नाही. प्रत्यक्षात ती शिक्षाच आहे आणि ती गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेली आई, पत्नी आणि मुलेही भोगतात.

हे निर्वासित अमेरिकेत कसे आले?

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूजने नॉम पेन्ह ताब्यात घेतले. पुढल्या पावणेचार वर्षांत उपासमार, वेठबिगारी, रोगराई आणि कत्तलींत सुमारे १७ लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी ही राजवट उलथवली, तेव्हा लाखो लोक थायलंडच्या सीमेकडे धावले. तिथे खाओ-इ-दांगसारख्या छावण्या उभ्या राहिल्या. अमेरिकेने १९८० मध्ये निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि सुमारे दीड लाख कंबोडियन टप्प्याटप्प्याने तिथे स्थायिक झाले.

यात केवळ दयाबुद्धी नव्हती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६९ ते १९७३ दरम्यान, अमेरिकी विमानांनी कंबोडियाच्या खेड्यापाड्यांवर प्रचंड बॉम्बवर्षाव केला होता. त्या विध्वंसाने देश खिळखिळा झाला आणि ख्मेर रूजला बळ मिळाले, असे अनेक इतिहासकार मानतात. या माणसांना घरदार सोडावे लागले त्यात अमेरिकेचाही वाटा होता. आज हद्दपारीची चर्चा करताना हा हिशेब सोयीस्करपणे विसरला जातो.

मुले गुन्हेगारीकडे का वळली?

या कुटुंबांना बहुतेक ठिकाणी गरीब आणि हिंसाग्रस्त वस्त्यांत घरे मिळाली. पालकांपैकी अनेक जण शेतकरी होते, इंग्रजीचा गंध नव्हता. शिवाय डोळ्यांदेखत मुले-भावंडे गमावलेली ही माणसे मनाने खचलेली होती. लाँग बीचमधील कंबोडियन निर्वासितांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत येऊन दोन दशके उलटल्यावरही त्यातील ६२ टक्के लोकांत आघातोत्तर तणावाची, तर ५१ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली.

अशा घरांतली मुले शाळेत मार खात होती आणि रस्त्यावर इतर टोळ्यांचे लक्ष्य होत होती. काहींनी बचावासाठी स्वतःच्या टोळ्या बांधल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यातून चोऱ्या, मारामाऱ्या, अमली पदार्थांचे व्यवहार, गोळीबार असे गुन्हे घडले. पकडलेल्यांपैकी अनेक जण जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे होते.

त्यांच्याकडे ग्रीन कार्ड, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना होता. नागरिकत्व नव्हते. ते घ्यायचे तर इंग्रजीची आणि अमेरिकी राज्यव्यवस्थेच्या ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. आईवडील वेळेत नागरिक झाले असते, तर अल्पवयीन मुलांनाही बहुधा आपोआप नागरिकत्व मिळाले असते. पण मायदेशात सरकारी नोंदवहीत नाव असणे हेच मरणाचे कारण ठरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना आणखी एक अर्ज भरण्याची घाई नव्हती. अनेकांना निर्वासित म्हणून मिळालेला आसरा कायमचाच वाटला.

१९९६ च्या कायद्याने काय बदलले?

बिल क्लिंटन अध्यक्ष असताना १९९६ मध्ये दोन कायदे झाले. त्यांनी ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ या वर्गाची व्याप्ती खूप वाढवली. नावावरून तो अतिगंभीर गुन्ह्यांचा वर्ग वाटतो. पण एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी किंवा मारहाणही त्यात बसू लागली, मग ती शिक्षा स्थगित होऊन आरोपी एक दिवसही तुरुंगात गेलेला नसला तरी! ही व्याख्या जुन्या गुन्ह्यांनाही लागू झाली.

त्याहून मोठा बदल न्यायाधीशांच्या अधिकारात झाला. पूर्वी सात वर्षे देशात राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत स्थलांतर न्यायाधीश त्याचे कुटुंब, नोकरी, पश्चात्ताप, सुधारणा हे सारे तोलून हद्दपारी माफ करू शकत असे. १९९६ नंतर या वर्गातील गुन्हा सिद्ध झालेल्यांसाठी हे दार जवळजवळ बंद झाले. समोर आरोपीची पत्नी मूल कडेवर घेऊन उभी असली, तरी न्यायाधीशाला ते विचारात घेता येत नाही.

हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, तर दिवाणी स्वरूपाची प्रशासकीय कारवाई आहे, अशी भूमिका अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये घेतली होती. म्हणूनच एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व इथे लागू पडत नाही आणि सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही.

मग इतकी वर्षे हद्दपारी का झाली नाही?

कारण कंबोडिया या लोकांना परत घेत नव्हता. त्यामुळे हद्दपारीचा आदेश झालेले अनेक जण शिक्षा संपूनही कोठडीत खितपत पडले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बेमुदत कोठडीला चाप लावला. परत पाठवणे नजीकच्या काळात शक्य नसेल, तर साधारण सहा महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवणे रास्त नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या निकालातील एक प्रकरण कंबोडियन तरुणाचेच होते. लोक सुटले आणि ठरावीक काळाने हजेरी लावण्याच्या अटीवर घरी गेले.

पुढच्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, अमेरिका आणि कंबोडियात परत पाठवणीचा करार झाला. त्याच वर्षी पहिली तुकडी नॉम पेन्हला उतरली. नंतरची काही वर्षे हे प्रमाण मर्यादित राहिले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात मात्र चक्रे वेगाने फिरली. कराराचा मानवतेच्या दृष्टीने फेरविचार व्हावा, असा कंबोडियाचा आग्रह होता. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांवर व्हिसा निर्बंध लादले. २०१७ च्या आर्थिक वर्षात २९ कंबोडियन परत पाठवले गेले होते, २०१८ मध्ये हा आकडा ११० वर गेला. अंतिम आदेश झालेले १,९०० हून अधिक कंबोडियन तेव्हा अमेरिकेत होते. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कार्यकाळात हद्दपारीची मोहीम अधिक व्यापक झाल्याने या घरांवरील टांगती तलवार आणखी खाली आली आहे.

आदेश आणि अंमलबजावणी यांतील या अंतरातच खरी गोम आहे. या वीस वर्षांत विशीतला टोळीतला पोरगा चाळिशीतला बाप झाला. त्याने लग्न केले, नोकरी धरली, घराचे हप्ते फेडले. सरकारने पाठवला तो गुन्हा करणारा पोरगा नव्हे, तर हा बाप.

घरात मागे कोण उरते?

पहिला फटका पैशांचा. घरातला एक पगार एका दिवसात थांबतो, वर वकिलाचा खर्च येतो आणि नॉम पेन्हमध्ये राहण्या-खाण्यासाठी उलट तिकडेच पैसे पाठवावे लागतात. अमेरिकेत जन्मलेली मुले अमेरिकी नागरिक असतात. त्यांना बापाबरोबर जायचे तर शाळा, भाषा, देश सोडावा लागतो; राहायचे तर बाप फोनच्या पडद्यापुरता उरतो. कॅलिफोर्निया आणि कंबोडिया यांच्या घड्याळांत १४-१५ तासांचे अंतर आहे. मुले शाळेतून येतात, तेव्हा तिकडे पहाट असते.

सर्वांत अवघड अवस्था असते ती म्हाताऱ्या आईची. इंग्रजी न येणाऱ्या आईला दवाखान्यात नेणारा, सरकारी पत्र वाचून दाखवणारा तोच असतो. जिने ख्मेर रूजच्या काळात माणसे गमावली आणि उरलेल्या मुलाला पाठीशी बांधून सीमा ओलांडली, तिच्या मुलाला सरकारी विमान त्याच देशात सोडून येते.

ही ताटातूट तात्पुरतीही नसते. ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’खाली हद्दपार झालेल्यावर अमेरिकेत परतण्यास सहसा आजन्म बंदी असते. आईच्या अंत्यविधीलाही त्याला येता येत नाही.

मायदेशी जाण्यात वाईट काय?

त्याला मायदेश म्हणणेच मुळात कठीण आहे. यांतील कित्येक जण थायलंडच्या छावणीत जन्मले; कंबोडियाच्या मातीवर त्यांनी पाऊलही ठेवलेले नव्हते. अनेकांना ख्मेर भाषा मोडकीतोडकी येते, लिहिता-वाचता येत नाही. अंगावरचे गोंदण आणि बोलण्याची ढब पाहून स्थानिक लोक बिचकतात. कागदपत्रांपासून भाड्याच्या खोलीपर्यंत सारे शून्यातून उभे करावे लागते. काहींनी इंग्रजी शिकवून पोट भरले. लाँग बीचमध्ये वाढलेल्या एका हद्दपार तरुणाने तर नॉम पेन्हच्या गरीब मुलांना ब्रेकडान्स शिकवत ‘टायनी टून्स’ ही संस्था उभी केली. पण काही जण व्यसनात आणि एकटेपणात बुडाले.

गुन्हेगारांचा कळवळा कशासाठी?

हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. काही गुन्हे खरोखर गंभीर होते. त्यात माणसे मेली, जखमी झाली, आणि बळी पडलेल्यांत याच वस्तीतील कंबोडियन कुटुंबेही होती. परक्या नागरिकाला देशात ठेवावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही प्रत्येक देशाला आहे.

पण एक उदाहरण घेऊ. एकाच घरातले दोन भाऊ. थोरला छावणीत जन्मला, धाकटा दोन वर्षांनी लाँग बीचला. दोघांनी मिळून एकच गुन्हा केला, दोघांना सारखीच शिक्षा झाली, दोघांनी ती पूर्ण भोगली. धाकटा घरी येतो, थोरला आयुष्यभरासाठी देशाबाहेर जातो. गुन्हा तोच, फरक फक्त जन्म कुठे झाला याचा. शिक्षा पुरेशी नव्हती असे म्हणायचे असेल, तर ती दोघांसाठीही पुरेशी नव्हती. आणि पुरेशी होती, तर थोरल्याला दिलेली दुसरी शिक्षा कशाची?

मार्ग कोणता?

काही दिलासा न्यायालयांतून आणि राज्यांतून मिळाला आहे. गुन्हा कबूल करण्यापूर्वी हद्दपारीच्या धोक्याची कल्पना अशिलाला देणे वकिलावर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन आणि नंतर गेविन न्यूसम यांनी काही कंबोडियन निर्वासितांना माफी दिली. तिचा आधार घेऊन काहींची हद्दपारी टळली. पण माफी ही गव्हर्नरची मर्जी असते, कुणाचा हक्क नव्हे.

हा कायदा केवळ कंबोडियन लोकांपुरता नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे, त्यात मराठी कुटुंबेही आली. ग्रीन कार्ड ‘कायमस्वरूपी’ असले तरी ते नागरिकत्व नव्हे, हा धडा कंबोडियन कुटुंबे फार मोठी किंमत मोजून शिकली.

उपाय अशक्य कोटीतला नाही. १९९६ पूर्वी न्यायाधीशांकडे असलेला विवेकाधिकार त्यांना परत द्यावा आणि त्याचा लाभ जुन्या आदेशांनाही मिळावा. त्यामुळे प्रत्येकाची हद्दपारी टळेल असे नाही. ज्याच्यापासून आजही धोका आहे, त्याला न्यायाधीश पाठवूही शकेल. पण त्याआधी त्याला एवढे तरी विचारता येईल की, गुन्ह्याला किती वर्षे झाली, त्यानंतर हा माणूस कसा वागला आणि याच्या मागे घरात कोण आहे. आजचा कायदा हे प्रश्न विचारूच देत नाही.