टोपी काढावी की राहू द्यावी?

काही महिन्यांपूर्वी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कचेरीत जाण्याचा प्रसंग आला. दारावर पाटी होती : 'टोपी, हेल्मेट व काळा चष्मा काढून आत यावे.' माझ्यापुढे इंदापूर तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी नातवासह उभे होते. पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखविले. नातवाने आपली क्रिकेटची टोपी चटकन काढली. आजोबांनीही आपली पांढरी टोपी निमूटपणे खिशात ठेवली. पण आत बसताच उपरणे डोक्यावर ओढून घेतले. आज्ञा एकच, परंतु नातवाचे तिने काहीच गेले नाही, आजोबांचा मात्र मान गेला. असे का व्हावे?

युरोपात घरात शिरताना पुरुषाने हॅट काढणे हा आदर होय. आपल्याकडे रीत नेमकी उलट. जोडा दाराबाहेर ठेवावयाचा आणि पागोटे मस्तकी राहू द्यावयाचे. थोरांपुढे बोडक्याने जाणे हा अनादर. सुतक फिटल्यावर घरच्या कर्त्या पुरुषास पागोटे अगर टोपी घालण्याची चाल आपल्या खेड्यांत अद्याप आहे. सत्कारास आपण फेटा बांधतो, आणि कोणाची फजिती केली म्हणजे त्याची 'टोपी उडविली' असे म्हणतो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीस जाते, तेव्हा वाटेतील मुक्कामी कीर्तनात बसलेल्या वारकऱ्यास टोपी काढ असे कोणी म्हणते काय?

प्रार्थनास्थळांतही हाच भेद दिसतो. ख्रिस्ती मंदिरात पुरुष मस्तक उघडे करतात. गुरुद्वारात तेच मस्तक झाकल्यावाचून प्रवेश नाही. खूण निराळी, भाव एकच. यास्तव ज्याच्या दारी जावे, त्याची रीत पाळावी.

कोणी म्हणेल, 'नियम सर्वांस सारखा हवा. पहारेकऱ्याने कोणाकोणाची टोपी पारखावी?' आक्षेप रास्त आहे. पण नियमाचा हेतूही पाहावा. ही पाटी आदरासाठी नसून कॅमेऱ्यात चेहरा दिसावा यासाठी असते. हेल्मेटाने चेहरा झाकतो, पुढे चोच असलेल्या टोपीने त्यावर सावली पडते. आजोबांच्या टोपीने यांपैकी काहीच होत नाही. मग 'चेहरा स्पष्ट दिसेल असे यावे' एवढेच लिहिल्यास नियम सर्वांस सारखा राहील आणि कोणाचा मानभंगही होणार नाही. उलट कारखान्यात जेथे डोक्याच्या रक्षणासाठी हेल्मेट, किंवा खाद्यपदार्थांत केस पडू नयेत म्हणून जाळी लागते, तेथे वयाचा अगर मानाचा प्रश्न काढू नये. तेथील हेतू जिवाचा व आरोग्याचा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमची टोपी उन्हासाठी आहे. वर्गात ऊन नसते. तेव्हा दारातच ती काढा, आणि कोणी काढावयास सांगण्याची वाट पाहू नका. परंतु स्नेहसंमेलनास आजोबा टोपी किंवा फेटा घालून आले, तर त्यांस पुढची खुर्ची द्या आणि त्यांच्या मस्तकीचे वस्त्र तेथेच राहू द्या. ते त्यांनी उन्हासाठी घातलेले नाही. तुमच्या शाळेचा मान राखण्यासाठी घातले आहे.