निघायचं कसं, ते आधी ठरवा

गेल्या महिन्यात एका वाचनकट्ट्याच्या पोरांचा फोन आला. कट्टा झकास चालतो. रविवारी पुस्तकांवर बोलतात आणि उरलेला आठवडा व्हॉट्सॅपवर भांडतात. आता सदस्य अडीचशेच्या वर गेलेत. काल कोण काय म्हणालं ते आज सापडत नाही, म्हणून चर्चेसाठी स्वतःची जागा हवी आहे. "दादा, तू आयटीत आहेस. डिस्कॉर्ड घेऊ, डिस्कोर्स टाकू, की फेसबुक ग्रुप बरा?" तीन आठवडे त्यांचा काथ्याकूट चालला होता. डार्क मोड कुणाचा चांगला, इमोजी कुठे जास्त, ॲप आहे का, बिल्ले मिळतात का, सगळं विचारून झालं होतं. एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता: उद्या इथून निघावं लागलं, तर सोबत काय नेता येईल?

माझं म्हणणं सरळ आहे. चर्चेची जागा निवडताना हा पहिला प्रश्न आहे. बाकीचे सगळे त्याच्यानंतर. ज्या घरातून सामान घेऊन बाहेर पडता येत नाही, ते कितीही देखणं असलं तरी तिथे राहायला जाऊ नये. आणि "आधी सुरू तर करू, पुढचं पुढे बघू" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, कारण मीही एकदा तेच म्हणालो होतो.

आमचंही एक छोटं संकेतस्थळ होतं. आठ वर्षं चाललं. सॉफ्टवेअर फुकटचं, होस्टिंग स्वस्तातलं आणि सगळे पासवर्ड एकाच मित्राकडे. तो परदेशी गेला, नोकरी बदलली, जुना ईमेल बघणं सुटलं, कार्डाची मुदत संपली. होस्टिंग कंपनीची स्मरणपत्रं त्याच जुन्या ईमेलवर जात राहिली. आम्हाला पत्ता लागला तेव्हा खातं बंद होऊन तीन महिने झाले होते आणि अटींप्रमाणे सर्व्हर पुसून टाकला होता. बॅकअप होता. त्याच सर्व्हरवर.

आमच्यात एक काका होते, गिरणीत काम केलेले. १९८२च्या संपावर कुणीतरी पुस्तकी धागा काढला आणि काकांनी त्याखाली लिहायला घेतलं. पगार थांबल्यावर वाणी कुणाला उधार देत होता आणि कुणाला नाही, गावी गेलेल्यांपैकी कोण परत आलं, चाळीतल्या बायकांनी कुठली कामं धरली. एका बोटाने टाइप केलेले, चुकांनी भरलेले साठ-सत्तर प्रतिसाद. काका गेल्यावर त्यांच्या मुलीने मला विचारलं, "बाबा तुमच्याकडे काहीतरी लिहायचे ना? ते मिळेल का?" तिला काय सांगणार होतो? कार्डाची मुदत संपली होती म्हणून?

'फुकट आहे की!'

माझ्यावर पहिला हल्ला होतो तो फुकटवाल्यांचा. एवढ्या मोठ्या कंपन्या जागा देतायत, सर्व्हर त्यांचे, इंजिनियर त्यांचे, मग ही कटकट कशाला?

मोठ्या कंपन्यांचा हिशोब बघू. जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं. ऑर्कुट जानेवारी २००४मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ला गेलं, त्यावरच्या मराठी कम्युनिट्यांसकट. गूगल प्लसची सामान्य खाती २ एप्रिल २०१९ला आवरली. याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९मध्ये सांगितलं की साठलेले संदेश आणि फायली काढून टाकणार. १५ डिसेंबर २०२०ला ती सेवाच संपली. यात कुठेही भूकंप झाला नव्हता. गूगलचं दिवाळं वाजलं नव्हतं. त्यांना त्या धंद्यात राम वाटेना, एवढंच. डेटा उतरवून घ्यायला मुदत दिली होती, हे खरं. पण मुदत ज्याला कळते त्याच्यासाठी असते. आणि उतरवलेल्या फायलींच्या ढिगातून माणसांचं संभाषण आपोआप पुन्हा उभं राहत नाही.

आता हे बघा. मायबोली १९९६च्या गणेशचतुर्थीला सुरू झाली. म्हणजे ती गूगल कंपनीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ऑर्कुट तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिच्या डोळ्यांसमोर गेलं. मिसळपाव २००७चं, ऐसी अक्षरे २०११चं. यांच्याकडे याहूइतके पैसे कधीच नव्हते. पण पत्ता स्वतःचा होता, डेटाबेस स्वतःच्या ताब्यात होता आणि नड पडली तेव्हा तो उचलून हलवणारी माणसं होती. मायबोलीचं सॉफ्टवेअर मधल्या काळात बदललं, नाव-पत्ता तोच राहिला.

व्हॉट्सॅपवरचं बोलणं तर कपाटात लावून ठेवलेलंही नसतं. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं. फोन हरवला आणि बॅकअप नव्हता, की गेलं. डिस्कॉर्डवर लिहिलेलं गूगलला दिसत नाही. पाच वर्षांनी एखादी मुलगी 'गिरणी संप' शोधेल, तेव्हा ती तुमच्या काकांपर्यंत पोचणारच नाही.

एक मुद्दा मात्र मला मान्य आहे: लोक तिथेच आहेत. मग बोलावणं तिथूनच धाडा. 'नवा धागा आलाय, या' असा निरोप व्हॉट्सॅपवर टाका, दुवा द्या. निरोप तिथे, मुक्काम घरी.

'मीच लिहितो की एका वीकेंडात!'

दुसरी टोळी माझ्याच धंद्यातली. हिला तयार काहीच आवडत नाही. नवी भाषा शिकायची असते, म्हणून चाळीस लोकांच्या गप्पांवर प्रयोग होतो. वीकेंडात जे उभं राहतं ते दिसायला छान असतं. मग लेखकाचं लग्न होतं, नोकरी बदलते आणि तो कोड दुसऱ्या कुणालाच कळत नाही. आमच्या मित्राच्या पासवर्डाचीच ही मोठी आवृत्ती.

सॉफ्टवेअर कंटाळवाणं असावं. हजारो ठिकाणी चालणारं, मुक्त परवान्याचं, बिघडलं तर ज्याचं उत्तर आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय असं. माझ्या मते तुमच्यापुढे दोनच गंभीर पर्याय आहेत. पीएचपीबीबी २०००पासून आहे. दिसायला जुनाट, पण साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं आणि त्याचा डेटाबेस कुठेही नेता येतो. डिस्कोर्स २०१३पासून आहे. फोनवर छान चालतं आणि सगळ्या संकेतस्थळाचा बॅकअप एका फाइलीत देतं. पण त्याला स्वतंत्र सर्व्हर लागतो, किमान एक जीबी मेमरी लागते (दोन असेल तर जीव घुसमटत नाही) आणि काळ्या पडद्यावर कमांड द्यायला न घाबरणारा माणूस लागतो. असे दोन जण असतील तर डिस्कोर्स घ्या. एकच असेल तर पीएचपीबीबी. एकही नसेल तर आधी माणूस शोधा.

आणि चांगल्या सॉफ्टवेअरलाही मरण असतं. मराठी चर्चेच्या संकेतस्थळांनी ज्या ड्रुपलवर इतकी वर्षं काढली, त्याची सातवी आवृत्ती जानेवारी २०११मध्ये आली. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या ५ जानेवारी २०२५ला थांबल्या. चौदा वर्षं म्हणजे या धंद्यात पणजोबाचं वय. पण तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे रंगरंगोटी नव्हे, घर नव्याने बांधणं. ड्रुपल ११मध्ये तर चर्चेचा 'फोरम' हा भाग मूळ गाभ्यातूनच बाहेर काढला. म्हणून पुन्हा तोच प्रश्न: निघायचं कसं?

मराठीची परीक्षा

इंग्रजी व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर निवडू नका. तिथे आपली दुखणी दिसत नाहीत. चाचणीच्या जागेवर या तीन गोष्टी करून बघा.

पहिली: मराठी मजकुराच्या मधोमध एक इमोजी टाका, पुढे आणखी दोन ओळी लिहा आणि जतन करा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इमोजीला चार. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना 'यूटीएफ८' प्रकार तीनच बाइट घेतो. त्यामुळे काही ठिकाणी इमोजीपासून पुढचा मजकूरच कापला जातो. मोडी लिपीलाही चार बाइट लागतात. तेव्हा मोडीचे अभ्यासक तुमच्याकडे आले तर आधी हेच बिघडेल. डेटाबेस 'यूटीएफ८एमबी४'च हवा.

दुसरी: 'पुणे' शोधा. 'पुण्यात', 'पुण्याचा' असलेले धागे सापडतात का? बहुतेक वेळा सापडत नाहीत, कारण शब्दाला प्रत्यय लागताना त्याचं रूप बदलतं, हे त्या शोधयंत्राला कुणी शिकवलेलं नसतं. यावर पूर्ण उपाय नाही. पण 'पुण्' इतकंच टाकून काही मिळतं का ते बघून ठेवा आणि धाग्यांना विषयाचे टॅग लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडून बघा. डेटाबेस हलवताना अक्षरसंच चुकला की मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसायला लागतात. दहा धागे असताना हे कळलं तर हसाल. दहा हजार असताना कळलं तर कुणाच्यातरी गळ्यात पडून रडाल.

किल्ल्या आणि पैसे

१० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचं सगळंच गेलं. तेव्हा बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवा, आणि एक प्रत कुणाच्यातरी घरातल्या हार्ड डिस्कवर.

डोमेन नाव एका कंपनीकडून घ्या, होस्टिंग दुसरीकडून. होस्टिंगवाल्याशी वाजलं तरी पत्ता तुमच्याच हातात राहील. डोमेन कट्ट्याच्या ईमेलवर नोंदवा, कुणाच्या कॉलेजच्या ईमेलवर नको. पासवर्ड किमान तिघांकडे असू द्या. ओटीपी एकाच्याच फोनवर येत असेल, तर ते तिघं म्हणजे एकच. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे भारतीय कार्डावरून आपोआप पैसे कापले जाणं पूर्वीइतकं बिनघोर राहिलेलं नाही. नूतनीकरणाची तारीख तिघांच्याही कॅलेंडरमध्ये हवी. पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आणि सर्व्हरवरून मेल जातो का ते आधीच तपासा. अनेक क्लाउड कंपन्या मेलचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. मग नव्या सदस्याला पासवर्डाचा मेल पोचत नाही आणि तो मुकाट्याने निघून जातो.

राहता राहिले पैसे. पोरं इथेच अडली. "वर्गणी मागितली तर लोक पळतील." डोमेन, छोटा सर्व्हर आणि बॅकअपची जागा धरून वर्षाला दहा-बारा हजार पकडा. चाळीस जणांनी तीनशे रुपये दिले की भागलं. महिन्याला पंचवीस रुपये. अडीचशे माणसांत आपल्या बोलण्याची किंमत महिन्याला पंचवीस रुपये मानणारी चाळीस निघत नसतील, तर सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, जागा टिकणार नाही. आमच्याकडे वर्गणी नव्हती. सगळं एकाच्या कार्डावर होतं, आणि त्याला आम्ही त्याचा मोठेपणा म्हणायचो.

पोरांनी शेवटी डिस्कोर्स घेतलं. माझ्या आग्रहाखातर एक गोष्ट केली: उद्घाटनाआधीच्या रविवारी, वीस धागे असताना, सगळं उचलून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेलं. पाच तास लागले, दोनदा चुकलं, मेल गेलेच नाहीत. पण संध्याकाळी सगळे धागे नव्या जागी जसेच्या तसे दिसले. आता दर सहा महिन्यांनी हे पुन्हा करायचं, असं त्यांनी नियमातच लिहून टाकलंय. उद्घाटनानंतर पहिला धागा त्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कामधंद्यावर काढला. त्यात एकीची आजी बोलते आणि नात टाइप करते. विडी वळण्याबद्दल आतापर्यंत अकरा प्रतिसाद झालेत.

तुमचीही अशी एखादी जागा असेल, तर आज तिच्या बॅकअपची फाइल कुणाकडे आहे ते विचारा. "असेल कुठेतरी" असं उत्तर आलं, तर ती नाही असं समजा आणि कामाला लागा.