काका-काकूंनो, मैदानात उतरा

औरंगपुरा, गुलमंडी, निराला बाजार या भागात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. सकाळी आमखास मैदानावर किंवा हिमायत बागेत फिरायला जाता, ते उत्तमच. पण फिरण्यावर थांबू नका. धावा, गोळा फेका, आणि तयारी झाली की स्पर्धेत नाव द्या.

‘या वयात कसली स्पर्धा?’ असं घरचे म्हणतील. त्यांना सांगा, याच वयाची असते. १९७५ साली टोरांटोत ज्येष्ठ खेळाडूंची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा झाली. पस्तिशीपासून पुढे कुणीही उतरू शकतं. पाच-पाच वर्षांचे गट असल्यामुळे ६७ वर्षांच्या माणसाची शर्यत ६५ ते ६९ वयाच्यांशीच लागते, तरण्याताठ्या पोरांशी नाही. उभ्यानं शर्यत सुरू केली तरी चालते. गोळाही वयाप्रमाणे हलका होतो. पुरुषांचा ७.२६ किलोचा गोळा साठीत ५ किलोवर येतो, सत्तरीत ४ आणि ऐंशीनंतर ३ किलोवर. बायकांना पन्नाशीपासून ३ किलो, पंचाहत्तरीनंतर २. औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईतून दोन्ही हातांत भरल्या पिशव्या घेऊन जी काकू घराचा जिना चढते, तिनं तीन किलोला का घाबरावं?

हरियाणाच्या भगवानी देवी डागर २०२२ मध्ये फिनलंडच्या टाम्पेरेत शंभर मीटर धावल्या, तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. २४.७४ सेकंदांत सुवर्ण, शिवाय गोळा आणि थाळीफेकीत कांस्य. नातवानं नाद लावला आणि आजी उतारवयात मैदानावर आल्या. आपल्या बारामतीच्या लता करे तर नऊवारी नेसून अनवाणी धावल्या, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते म्हणून. त्यांच्या नावाचा मराठी सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केलं. अशी वेळ कुणावर येऊ नये. पण साठीच्या पायांत किती बळ असतं, ते त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं.

सुरुवात मात्र घाईनं नको. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, स्पर्धेची तयारी करायची आहे असं स्पष्ट सांगा आणि ते म्हणतील त्या तपासण्या करा. पहिले काही आठवडे भरभर चालणं, मध्येच थोडं सावकाश धावणं, पुन्हा चालणं, एवढंच. पहिल्याच दिवशी जोरात पळायला गेलात, तर पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू धरतो आणि महिनाभर घरी बसावं लागतं. छातीत दुखलं, चक्कर आली की जागीच थांबा आणि दवाखाना गाठा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचं ऊन तापायच्या आत सराव उरका.

गोळा एखाद्या क्रीडाशिक्षकाकडून शिकून घ्या. तो तळहातात दाबून धरायचा नसतो, बोटांच्या मुळाशी बसवायचा. मग हनुवटीखाली मानेला टेकवायचा आणि पायांच्या जोरावर पुढे ढकलायचा. चेंडूसारखा भिरकावलात, तर खांदा दुखावेल.

पैशांचंही उघड बोलायला हवं. जागतिक स्पर्धेला ठराविक वेळ किंवा अंतर गाठण्याची अट नसते, पण नाव देशाच्या मान्यताप्राप्त संघटनेमार्फतच जातं. प्रवेश फी, विमान आणि राहण्याचा खर्च बहुधा खेळाडूलाच करावा लागतो. म्हणून कुणी ‘परदेशात नेतो’ म्हणून पैसे मागितले, तर ती संघटना जागतिक संघटनेच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. पावतीशिवाय रुपयाही देऊ नका. आणि परदेशाचं जमलं नाही, तरी काही बिघडत नाही. जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धेत उतरा. पन्नाशीतल्या चार मैत्रिणी एकत्र आल्या, तर सकाळचा सराव सहसा बुडत नाही.

शाळा-कॉलेजांच्या चालकांनो, सकाळी तासभर मैदानाचं फाटक या मंडळींसाठी उघडं ठेवा. तुमच्या खोलीत पडून असलेला एखादा गोळा त्यांना वापरायला द्या.

आणि मुलांनो, सुनांनो, ‘पडशील, राहू दे’ म्हणू नका. आईला या आठवड्यात धावायचे बूट घेऊन द्या. खरेदीला संध्याकाळी न्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं.