मेलेलं कलम आणि जिवंत मतं

आपल्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. जुना, वापरात नसलेला कोड दिसला तरी हात लावायचा नाही. "पडून आहे ना कोपऱ्यात, राहू दे की!" कायद्याच्या बाबतीत मात्र हा नियम घातक आहे, असं माझं स्पष्ट मत.

अमेरिकेतल्या अलाबामाचं बघा. तिथे राज्याला स्वतःची घटना असते आणि ती बदलायला जनतेचं मतदान लागतं. १९०१च्या घटनेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी होती. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा बंद्या देशभर रद्द केल्या. कलम मेलं, पण पुसलं गेलं २००० साली! तेव्हाही दहातल्या चौघांनी "राहू दे" असंच मत दिलं. आता बोला.

शाळांचं तर आणखी वाईट. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा १९५४च्या निकालाने घटनाबाह्य ठरल्या. ते कलम काढायचा ठराव २००४ मध्ये दोन हजारांहून कमी मतांनी पडला. सगळे विरोधक वंशवादी होते म्हणून? तसं नाही. शिक्षण हा हक्क नाही असं म्हणणारं १९५६चं वाक्यही त्याच ठरावात काढायचं होतं. ते गेलं की टॅक्स वाढेल, अशी भीती घातली गेली. एका कमिटमध्ये दोन बदल घुसडले की असंच होतं! २०१२ मध्ये पुन्हा अपयश आलं. शेवटी २०२२ मध्ये साफसूफ केलेली घटना मतदारांनी मंजूर केली.

"मेलेल्या ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला?" असं वाटत असेल तर आपलं ६६अ आठवा. आयटी कायद्यातलं हे कलम आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले, आणि २०२१ मध्ये कोर्टालाच आश्चर्य व्यक्त करावं लागलं. पुस्तकात कलम छापलेलं, रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत. ठाण्यात तळटीप कोण वाचतो?

मग हे काम आमदारांनीच गुपचूप उरकावं का? सोपं पडेल, पण मला मतदानच बरं वाटतं. कोर्टाने कलम मारलं तरी ते किती डोक्यांत जिवंत आहे, हे मतपेटीच सांगते. दहातले चार हा आकडा लाजिरवाणा खरा, पण तो कळलेला बरा. अट एकच: एका मतपत्रिकेवर एका प्रश्नात एकच बदल.